आज्जीच्या ट्रंकेतला शिंपल्याचा वधस्तंभ: कुठला, केवढा जुना, कसा जपायचा?

कंबरतलाव

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. इथं जुन्या लाकडी वस्तूंची जाण असलेले बरेच जण लिहितात, म्हणून मोठ्या आशेने हा धागा काढतेय.

आज्जी जाऊन दोन वर्षं झाली. परवा तिची पत्र्याची ट्रंक उघडली. वर लुगडी, मग भजनाची वही, आणि तळाशी जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला हा वधस्तंभ. आम्ही भावंडं लहानपणापासून तो वर्षातून एकदाच बघत आलो. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) सकाळी आज्जी तो काढायची आणि कपाटावर भिंतीला टेकवून उभा करायची. हार नाही, मेणबत्ती नाही. संध्याकाळची उपासना आटोपून आलो की परत ट्रंकेत. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं प्रॉटेस्टंट. आमच्या देवळात वधस्तंभ असतो तो रिकामा, त्याच्यावर येशूची मूर्ती नसते. मग मूर्ती असलेला हा वधस्तंभ आमच्या घरात आला कसा, हे आज्जीला विचारायचं राहून गेलं.

फोटो जोडलाय, वर्णनही करते. पायासकट उंची साधारण ३५ सेंटीमीटर. लाकूड पिवळट तपकिरी, त्यात गडद नागमोडी रेषा. दर्शनी बाजूवर शिंपल्याच्या पातळ चकत्या चिकटवल्यात, मधे शिंपल्यातूनच कोरलेली येशूची मूर्ती. उभ्या आडव्या दांड्यांवर आणि पायावर मिळून चौदा गोल टिकल्या. प्रत्येकीवर सुईच्या टोकाने काढावं तसं चित्र, रेघांत काळं भरलेलं, आणि खाली रोमन आकडा. कडेनं पांढऱ्या नि काळ्या पट्ट्या. पायावर एक मोठा क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार छोटे.

आता दुखणं. आज्जी गेल्यावर ट्रंक माळ्यावरच्या खोलीत गेली, वर पत्रा. तीन टिकल्या निखळल्या: ३, ६ आणि ११ नंबरच्या. तिन्ही सापडल्यात. घरातल्या एकीने चांगल्या मनाने पायाचा भाग चिंचेने घासला, तिथला शिंपला पांढुरका नि खरखरीत झालाय. आणि जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने फोटो बघून सांगितलं की गोव्याचं पोर्तुगीज काम आहे, साडेतीनशे वर्षं जुनं, लगेच द्या, रोख देतो.

विकायचा नाहीच. पण हे आहे काय, आणि टिकल्या परत कशा बसवायच्या?

बुरुज

ताई, सुंदर वस्तू आहे. माझा एक अंदाज. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. भीमाशंकरला तशी घंटा आजही आहे, तिच्यावर क्रूस आणि १७२९ साल आहे. घंटा घाटावर आल्या तर अशी लहानसहान वस्तूही आली असेल. सोलापूरपर्यंत यायला काय हरकत?

मांडवी

मी गोव्याची. घरात पिढ्यान्‌पिढ्या देव्हारे आणि संतांच्या लाकडी मूर्ती आहेत, त्यामुळे या विषयाशी नातं जुनं. दुकानदार गोवा का म्हणाला ते कळतं. आपल्याकडे शिंपला, हस्तिदंत आणि जुना क्रूस दिसला की लोक डोळे मिटून गोवा म्हणतात.

गोव्याच्या कामाची ओळख अशी. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी इथल्या कारागिरांनी केलेल्या पेट्या, कपाटं, चर्चच्या सॅक्रिस्टीतले, म्हणजे पाद्र्यांच्या वस्त्रांच्या खोलीतले खण बहुतेक सागवानाचे किंवा शिसवीचे. त्यात आबनूस हे काळं लाकूड खाच पाडून बसवलेलं, कुठे हस्तिदंताचे ठिपके. एकात एक गुंतलेली वर्तुळं हा तर गोव्याचा ठसाच. मूर्ती लाकडाच्या असल्या तर वर रंग नि सोन्याचा मुलामा, आणि हस्तिदंताच्या असल्या तर त्यांचे डोळे, केसांच्या बटा, वस्त्रांच्या चुण्या बघून हिंदू मूर्तिकाराचा हात ओळखू येतो. डोंगरावर बसून गालाला हात लावून डुलकी घेणारा बाळ मेंढपाळ येशू हे रूप तर भारतातच घडलं. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. कधी आलात तर तिथे अर्धा दिवस काढा.

अख्ख्या लाकडावर शिंपल्याचं कवच चढवायची रीत गुजरातची. सोळाव्या शतकात तिथल्या शिंपल्याच्या पेट्या आणि तबकं पोर्तुगालला जात, आणि युरोपातल्या चर्चांनी त्यात संतांचे अवशेष ठेवले. पण त्या कामात शिंपल्याचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसतात आणि बारीक पितळी खिळ्यांनी ठोकलेले असतात. तुमच्या फोटोत खिळे दिसत नाहीत.

ताई, पाठीमागचा, कडेचा आणि टिकल्यांच्या मागच्या बाजूचा फोटो टाकाल का? मागच्या बाजूला कारागीर खोटं बोलत नाही.

रंधा

मी सुतार. अशोक चौकाजवळ दुकान, बेचाळीस वर्षं झाली. फोटोवरून लाकूड सांगू नये, पण एवढं सांगतो, हे सागवान नाही. सागाच्या रेषा सरळ, हात लावला तर तेलकट. हे शिसवही नाही. आपल्या भागातलं असं नागमोडी पिवळं लाकूड मला आठवत नाही. ताई, वजनाला कसं आहे? हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागतं का?

काळ्या पट्ट्या आबनूसच्या असतील. आपली टेंभुर्णी त्याच घराण्यातली, तिचा गाभा असाच काळा निघतो. आपल्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाचं नाव तेच, म्हणून सांगितलं.

आणि हात जोडून विनंती, चिंच पुन्हा लावू देऊ नका. शिंपला म्हणजे चुनाच. आंबट त्याला खातं. पितळेला चमक येते ती वेगळी गोष्ट.

कंबरतलाव

रंधाकाका, जड आहे, हो. पाठीमागचे फोटो टाकलेत. मागची बाजू साधी, गुळगुळीत, शिंपला नाही. टिकल्यांच्या मागे कानशीचे बारीक ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेला नाहीत. टिकल्यांची जाडीही एकसारखी नाही.

चित्रांबद्दल एक विचारायचं होतं. आईने आणि मी भिंग घेऊन बसून एकेक ओळखायचा प्रयत्न केला. रोमन सुभेदार पिलात हात धुतो ते कळलं, क्रूस वाहायला मदत करणारा कुरेनेकर शिमोन कळला, खिळे ठोकतात ते कळलं, कबर कळली. पण ६ नंबरवर एक बाई येशूसमोर कापड धरून उभी आहे, ती कोण? आणि येशू तीन ठिकाणी खाली पडलेला दाखवलाय. आई म्हणाली, पवित्र शास्त्रात हे कुठंच नाही. आईचं शास्त्र पाठ आहे, तिची चूक होत नाही.

पाचूबंदर

ताई, तुमच्या आईंचं अगदी बरोबर. आणि त्यातच तुमच्या वधस्तंभाची अर्धी जन्मपत्रिका आहे.

मी वसईचा कॅथलिक. ती बाई म्हणजे वेरोनिका. क्रूस घेऊन चाललेल्या येशूचं तोंड तिने आपल्या वस्त्राने पुसलं आणि वस्त्रावर त्याचा चेहरा उमटला, अशी परंपरा. शुभवर्तमानात ती नाही, तीन वेळा पडणंही नाही. पण आमच्या 'क्रुसाच्या वाटे'त आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आम्ही चर्चच्या भिंतीवरच्या चौदा स्थानांपुढे थांबत थांबत जातो. तुमच्या टिकल्या म्हणजे तीच चौदा स्थानं. निखळलेल्या तिघींत ३ म्हणजे पहिल्यांदा पडणं, ६ वेरोनिका, ११ खिळे ठोकणं.

आता वयाकडे. ही भक्ती फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाच्या साधूंनी पसरवली. यरुशलेमला जाता येत नाही त्यांना आपल्या गावात ती वाट चालता यावी, हा हेतू. पूर्वी स्थानांची संख्या ठरलेली नव्हती, कुठं सात, कुठं त्याहून किती तरी जास्त. १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी चौदा ही संख्या कायम केली. म्हणजे नीट चौदा आकडे कोरलेला वधस्तंभ साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असणं अवघड आहे. दुकानदाराचा हिशोब तिथंच चुकतो.

बुरुजदादा, वसई पडली १७३९ ला. आठ वर्षांचीच फट उरते. आणि घंटा नेल्या त्या विजयाची खूण म्हणून, सर्वांना ऐकू जाव्यात म्हणून. हा घरातला, एका माणसाच्या हातात मावणारा क्रूस आहे.

बुरुज

पटलं. चौदाचा मुद्दा मला माहीत नव्हता. पायावरचे पाच क्रूस मग काय?

मांडवी

पायावरचा मोठा क्रूस आणि भोवतीचे चार छोटे म्हणजे यरुशलेमचा क्रूस. पवित्र भूमीतली तीर्थस्थानं सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कनांची ही खूण. मागचे फोटो पाहिल्यावर माझी खात्री झाली, हे गोव्याचं नाही. ताई, तुमचा वधस्तंभ बेथलेहेमचा आहे. लाकूड जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं.

रंधाकाकांना ते ओळखू आलं नाही, यात नवल नाही. मराठी पवित्र शास्त्रात आपण 'जैतुनाचा डोंगर' वाचतो, पण जैतुनाचं लाकूड हातात घ्यायची वेळ कुणावर येते? झाड हळू वाढतं, खोड पिळवटतं, म्हणून रेषा नागमोडी नि गडद उमटतात. लाकूड घट्ट आणि जड.

बेथलेहेमच्या या कलेची गोष्ट मला फार आवडते. सोळाव्या शतकाच्या शेवटी नि सतराव्या शतकात तिथल्या फ्रान्सिस्कनांनी स्थानिक अरब ख्रिस्ती कुटुंबांना यात्रेकरूंसाठी वस्तू घडवण्याच्या कामाला लावलं. लाकूड दारातलं, शिंपला तांबड्या समुद्रातला. बर्नार्दिनो आमिको नावाचा फ्रान्सिस्कन साधू १५९३ ते १५९७ पवित्र भूमीत होता. त्याने तीर्थस्थानांची मापं घेऊन नकाशे काढले. त्या नकाशांवरून कारागीर यरुशलेममधल्या येशूच्या पवित्र कबरीच्या चर्चच्या हुबेहूब लाकडी प्रतिकृती करू लागले. जैतून, शिंपला, हाड, आबनूस असं सगळं त्यात. त्यांचं छप्पर उचलता येतं, भाग सुटे करता येतात, आत कबर दिसते. युरोपातल्या राजेलोकांना त्या भेट जात. ब्रिटिश म्युझियममध्ये अशी प्रतिकृती आहे.

तुमच्यासारखे उभे वधस्तंभ मात्र साध्या यात्रेकरूंसाठी. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला ते फार मोठ्या संख्येने बनले, आजही बनतात. तुमच्यावरचे कानशीचे ओरखडे आणि असमान जाडी हाताचं काम सांगतात. दीडशे-सव्वाशे वर्षं असावीत, असं मला वाटतं. याहून नेमकं कुणी फोटोवरून सांगू नये.

एका गोष्टीने मात्र मला थांबवलं. प्रॉटेस्टंट सोलापुरात बेथलेहेमचा कॅथलिक क्रूस कोण घेऊन आलं?

कंबरतलाव

मांडवीताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'बेथलेहेम' ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग मामाला फोन लावला.

मामाचं वय ८१. त्याला एवढं आठवतं: आज्जीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, पहिल्या महायुद्धात पलटणीच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामावर होते. घरात आम्ही 'इजिप्तला गेले होते' एवढंच ऐकलेलं. पण मामा म्हणाला, ते म्हातारपणी सांगायचे की 'मी यरुशलेमच्या दरवाजातून चालत आत गेलोय.' पोरं हसायची, त्यांना ते स्वप्न वाटायचं.

दप्तरदार

ताई, स्वप्न नाही. डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश फौजांनी यरुशलेम घेतलं आणि ११ डिसेंबरला जनरल ॲलनबी याफा दरवाजातून पायी आत गेला. घोड्यावरून शिरायचं नाही असं ठरवून. १९१८ मध्ये त्या आघाडीवर हिंदी पलटणी मोठ्या संख्येने होत्या, मराठा पलटणही होती. २३ सप्टेंबर १९१८ ला हिंदी घोडदळाने हैफा शहर घेतलं, ते सर्वांना माहीत आहेच. आघाडीवर पलटणी तिथं दवाखाने आणि दवाखान्याची माणसं. सुटीच्या दिवशी सैनिक बेथलेहेमला जात, आठवण म्हणून काही विकत घेत. तुमच्या पणजोबांचं बोलणं आणि ही वस्तू एकमेकींना धरून आहेत.

आता माझ्या विषयाचं दोन शब्द. पुरावशेष व कलाकृती कायदा १९७२ चा, लागू झाला १९७६ ला. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावशेष ठरू शकते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. कुठल्या वस्तूंची नोंदणी करायची ते अधिसूचनेने ठरतं, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला फोटो दाखवून विचारून घ्या. 'लगेच द्या, रोख देतो' म्हणणाऱ्याला परवाना दाखवा म्हणावं.

दुसरं, कडेच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या आहेत का ते बघा. हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदा लागतो. देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून आणि आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ पासून बंद आहे. सुई तापवून टोचायचा प्रयोग करू नका, वस्तू कायमची डागते. भिंगातून बघा. हाडावर बारीक काळे ठिपके नि तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात, जाळीसारख्या.

कंबरतलाव

ठिपके आहेत. पुष्कळ आहेत. म्हणजे हाड. आईला फार बरं वाटलं, हत्ती मारून केलेलं काही घरात नको होतं तिला.

ओवी

मी वाचक, फारसं लिहीत नाही. पण लाकडात लाकूड बसवून काढलेली देवाची चित्रं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून थोडं अवांतर लिहू द्या.

इटलीत पंधराव्या-सोळाव्या शतकात ही कला शिगेला पोचली. तिकडे तिला इंतार्सिया म्हणतात. चर्चमध्ये साधू प्रार्थनेला बसतात त्या बाकांच्या पाठीवर ही चित्रं असत. फ्रा जोव्हान्नी दा वेरोना हा साधूच होता. त्याने मोंते ओलिवेतो माज्जोरेच्या मठातले बाक १५०३ ते १५०५ मध्ये केले. अर्धवट उघडं कपाट, त्यात पुस्तकं, वाळूचं घड्याळ, पक्षी, आणि हे सगळं फक्त लाकडाच्या तुकड्यांतून, कुंचला न लावता. बेर्गामोच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये चित्रकार लोरेन्झो लोत्तोने रेखाटनं दिली आणि कापोफेर्री नावाच्या सुताराने ती लाकडात उतरवली, नोहाचा तारू, तांबडा समुद्र दुभंगणं वगैरे.

सावली कशी आणत माहितेय? तापलेल्या वाळूत तुकड्याची कड बुडवायची. जेवढा वेळ जास्त तेवढी कड काळी. आणि हिरवा रंग! जंगलात पडलेल्या ओल्या लाकडात एक बुरशी शिरते आणि लाकूड आतून निळसर हिरवं होतं. ते कुजकं म्हणून लोक टाकून देत. हे कारागीर शोधून आणत, गवत नि पोपटाचे पंख त्यातून करत. पाचशे वर्षं झाली, तो हिरवा अजून उडालेला नाही. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

आणि शिंपला बघायला तर सोलापूरकरांना लांब जायला नको. बिदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. काळ्या दगडात शिंपल्याची वेलबुट्टी आणि कोरीव लाकडी खांब. बरीदशाहीतलं काम. दिवा लावला की ते कसं दिसत असेल, हे तिथं उभं राहून मनात आणून बघा.

रंधा

ओवीताई, हिरव्या लाकडाचं वाचून मीच गार झालो. आमच्या वडिलांनी एकदा असं निळसर लाकूड सरपणात टाकलं होतं, मला आठवतंय.

आता टिकल्या. मुळात पडल्या का ते समजून घ्या, म्हणजे बाकीच्या अकरा वाचतील. लाकूड मेल्यावरही हालतं. हवेतलं पाणी घेतं, फुगतं. हवा कोरडी झाली की आकसतं. रेषेच्या लांबीत जवळजवळ काही नाही, आडव्या अंगानं मात्र आकसतं. शिंपला आकसत नाही. मधे सरस. एक हालणार, दुसरा हालणार नाही, मधला तुटणार. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२च्या वर, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि हवेत ओल नाही. मग एकदम पाऊस. शंभर वर्षं ट्रंकेत, चादरीत गुंडाळून होता म्हणून टिकला. चादर ओल धरून ठेवते नि हळूहळू सोडते. आज्जींनी जे केलं ते बरोबर केलं.

तर पहिलं काम, माळ्यावरून खाली आणा. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागता, पंख्याच्या नि कूलरच्या झोतात नाही, उन्हात तर नाहीच. तेल लावू नका. पॉलिश करू नका. तेल शिंपल्याच्या कडेनं आत शिरतं आणि मग तिथं सरस कधीच धरत नाही.

फेव्हिकॉलही नको. नव्या कामाला तो चांगला, मी रोज वापरतो. पण एकदा धरला की सुटत नाही, आणि पुढं कुणाला दुरुस्ती करायची झाली तर तुकडा मोडावा लागेल. जुन्या कामाला जुनाच सरस. जनावराच्या कातड्या-हाडांचा. रात्रभर पाण्यात भिजवायचा, दुसऱ्या दिवशी भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. उकळला की दम जातो. हा सरस कोमट ओलाव्यानं परत सुटतो, हीच त्याची थोरवी.

घरी करू नका. ताई, तुम्ही सोलापुरातच आहात. घेऊन या. पैशाचं बोलू नका, मला अशी वस्तू हातात धरायला मिळायची नाही पुन्हा. येईपर्यंत तीन टिकल्या तीन वेगळ्या पाकिटांत ठेवा, वर नंबर लिहा. आणि खाचा साफ करू नका, मी बघतो आत जुना सरस किती उरलाय ते.

मांडवी

रंधाकाकांच्या सांगण्यात एक भर. लाकडातून पिठासारखा ताजा भुसा पडतोय का ते आठवडाभर काळ्या कागदावर ठेवून बघा. पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे, आणि आधी त्याचा बंदोबस्त, मग टिकल्या. जुनी भोकं असतील पण भुसा पडत नसेल तर काळजी नको.

कंबरतलाव

काळ्या कागदावर आठ दिवस ठेवला. भुसा नाही.

पण काका, 'खाचा साफ करू नका' हे तुम्ही लिहिण्याआधीच एक खाच मी साफ केली होती. तेव्हापासून मन खात होतं, म्हणून लिहितेय. टिकल्या पडल्या तेव्हा तिन्हींच्या जागी खोलगट वाटोळी भोकं दिसली, बोटाच्या पेराएवढी. आत करडी माती घट्ट बसलेली. मला वाटलं धूळ साचलीय. ६ नंबरची मी टाचणीने कोरून काढली आणि झाडून टाकली. ३ आणि ११ मध्ये अजून आहे. ही माती सरसाच्या आड येईल का?

पाचूबंदर

ताई, थांबा. ३ आणि ११ ला हात लावू नका.

टिकली चिकटवायला एवढं खोल भोक लागत नाही. पवित्र भूमीतल्या क्रुसांत अशा खळग्या मुद्दाम करत. त्या त्या स्थानावरची माती किंवा दगडाचा चुरा आत भरायचा आणि वरून शिंपल्याने बंद करायचं. यात्रेकरूला ती वाट घरी नेता यावी म्हणून. तुमच्याकडची माती यरुशलेमच्या रस्त्यावरची असणार.

तुमची चूक नाही. कुणालाही धूळच वाटली असती. पण उरलेल्या तेरा खळग्या तशाच राहू द्या.

ओवी

कंबरतलाव ताई, मन खाऊ देऊ नका. तुम्ही विचारलंत म्हणून बाकीचं वाचलं.

कंबरतलाव

तुमचा निरोप वाचला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आईला सांगायला दोन दिवस लागले. ती म्हणाली, 'वेरोनिका शास्त्रात नाही, आपल्याला ती माहीतही नव्हती. तिचीच जागा रिकामी झाली.' मग म्हणाली, आपण प्रॉटेस्टंट, मातीला नमस्कार करत नाही, पण तुझे पणजोबा त्या मातीवरून चाललेत. तिला रडू आलं.

काल रंधाकाकांकडे गेलो, आई, मी आणि मामा. अंगणातल्या कूपनलिकेच्या पाण्याने काकांनी हात धुतले, दोनदा. मग वधस्तंभ मांडीवर आडवा घेतला. ३ नंबरची माती हलू नये म्हणून तिच्यावर जपानी पातळ कागदाची चकती ठेवली, पतंगाच्या कागदाहून बारीक, आणि सरस फक्त कडेच्या गोल पट्टीला लावला. केसाएवढ्या कुंचल्याने. टिकली ठेवली, वर मऊ कापड, कापडावर वाळूची छोटी पिशवी. रात्रभर तसंच. ११ ला तसंच केलं. जुना सरस निघाला तो काकांनी कागदात बांधून आम्हाला परत दिला. म्हणाले, हाही तुमचाच.

६ नंबरच्या वेळी ते थांबले. रिकामा खळगा बघून विचारलं, 'इथं काय घालायचं? आपल्याकडची माती घालू का, सिद्धेश्वर तलावाच्या काठची?' खूप मनापासून विचारलं. मामा आईकडे बघत राहिला. आई म्हणाली, रिकामाच ठेवा. काकांनी मान हलवली आणि वेरोनिकेची टिकली रिकाम्या खळग्यावर बसवली.

चिंचेने खराब झालेल्या भागाबद्दल काका म्हणाले, तिथली झळाळी परत यायची नाही. घासून आणायला गेलं तर रेघा जातील. तो भाग तसाच राहणार.

मामाने आज सकाळी फोन करून आणखी एक सांगितलं. पणजोबांना पलटणीतून परत आल्यावर गावातल्या कुणीतरी विचारलं होतं, हा कॅथलिकांचा क्रूस कशाला आणला? ते म्हणाले होते, दुकानात हाच होता, आणि मला रिकामा कुणी दिला नाही.

रंधा

ताई, वाळूची पिशवी आज संध्याकाळी काढली. तिन्ही धरल्यात. उद्या सकाळी येऊन घेऊन जा. येताना आज्जींची चादर आणा, त्याच चादरीत गुंडाळून देतो.